'दिल्ली' बांधू का, बाबा?

ह्यूस्टन, ९ मार्च

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मी फोनवर म्हटलं की तळ्यावरच्या लुटुपुटीच्या लढाईसाठी 'दिल्ली'ची, म्हणजे बाबांनी जिच्यावर अकरा वर्षं काम केलं त्या युद्धनौकेची, छोटी प्रतिकृती बांधते, आणि बाबा गप्प झाले. मग लगेच सोसायटीच्या टाकीचा विषय निघाला. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर आवाज मध्येच तुटतो आणि माझं सांगणंही, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. आई, हे तू वाचून दाखव. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिनासुद्धा झाला नाही, बाबांनी स्वतः वाचायचा हट्ट धरला तरी पत्र हातात देऊ नकोस.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "बुडवायचीच असेल तर बांधायची कशाला?" असं तू विचारलंस, आणि मी नुसती हसले. ते बरोबर नव्हतं.

हा खेळ इथे टेक्ससमध्येच सुरू झाला, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली खरी युद्धनौका घ्यायची आणि तिच्या १४४ फुटांचा एक फूट या मापाने बांधायची. कणा आणि तळ भक्कम. बाजूला मात्र नुसत्या फासळ्या, आणि त्यांच्यावर बाल्सा लाकडाची एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पट्टी. तोफा म्हणजे पितळी नळ्या. छोट्या नळकांड्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने त्यांतून साडेचार मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या सुटतात आणि बाल्साला खरीखुरी भोकं पडतात. पाणी आत शिरतं आणि पंप ते उपसत राहतो. पंप हरला की जहाज तळ्यात बुडतं. बुडताना दोरी बांधलेला एक तरंगता तुकडा वर येतो. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या दोरीने जहाज वर काढायचं, पाणी ओतायचं, भोकांवर पातळ कागद आणि गोंद लावायचा, आणि दुपारच्या लढाईला पुन्हा सोडायचं. म्हणजे एका दिवसात बांधणी, बुडणं आणि दुरुस्ती तिन्ही होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुरुस्तीत. मला या खेळाची ओढ लागली ती तिथेच. (डोळ्यांना जाड चष्मे सक्तीचे आहेत, आई. काठावर नुसतं उभं राहायचं असलं तरी.)

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे.

कोणतं जहाज बांधायचं यावर मी तीन महिने घालवले. धाकट्याला 'बिस्मार्क' ही जर्मनांची मोठी युद्धनौका हवी होती. ती या मापात पावणेदोन मीटर लांब आणि सतरा किलोंची होते. आमच्या गाडीत मावणार नाही, आणि ती वळायला तळ्याची अर्धी रुंदी घेते. क्लबातल्या जुन्या लोकांनी सांगितलं, 'टेक्सस' घे. तो सल्ला चांगला होता. खरी 'टेक्सस' तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा आपण सॅन जॅसिंटोला पाहिली होती. १९१४ साली सेवेत आलेलं, दोन्ही महायुद्धं केलेलं जहाज. गळती इतकी वाढली होती की पंप थांबवायची सोय नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ओढून गॅल्व्हेस्टनच्या सुक्या गोदीत नेली, तेव्हा मी तुम्हाला त्याचे फोटो पाठवले होते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची तिची गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. जून १९४४ मध्ये किनाऱ्यावर सैन्य पुढे सरकलं आणि लक्ष्य तोफांच्या टप्प्याबाहेर गेलं. तोफा आणखी वर उचलता येईनात. मग त्यांनी जहाजाच्या एका कुशीला बाहेरून असलेल्या पोकळ फुगवट्यात मुद्दाम पाणी भरलं, जहाज दोन अंशांनी कललं आणि तोफा तेवढ्या वर आल्या. ज्याने तो हुकूम दिला त्याला तुमच्या पंप शॉपमधला चहा पाजायला हवा होता.

मी 'टेक्सस'चे आराखडे मागवलेही. मग एका रात्री नुसतं बघावं म्हणून 'दिल्ली'चे आकडे शेजारी मांडले.

लांबी जवळजवळ सारखी: 'टेक्सस' १२१ सेंटिमीटर, 'दिल्ली' ११७. पण वजन घनमापाने उतरतं, म्हणजे १४४ गुणिले १४४ गुणिले १४४, जवळजवळ तीस लाख पट. 'टेक्सस'चे सत्तावीस हजार टन नऊ किलो होतात. 'दिल्ली'चे पूर्ण भरलेले नऊ हजार टन होतात फक्त तीन किलो. त्या तीन किलोंत लाकूड, बॅटरी, दोन मोटारी, गॅसचं नळकांडं, पंप, रेडिओ, तोफा आणि गोळ्या सगळं बसवायचं. रुंदी पावणेबारा सेंटिमीटर. माझी वीतसुद्धा आडवी मावत नाही. मोठ्या जहाजाला तोफा अधिक आणि भोकं सोसायची ताकद अधिक. 'दिल्ली'सारख्या क्रूझरच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, वाट्याला फार तर एक-दोन तोफा आणि थोडा जास्त वेग. दारूगोळा संपला म्हणून बाहेर पडतो असं ओरडल्यावरही पाच मिनिटं पाण्यात टिकून राहावं लागतं, आणि त्या पाच मिनिटांत सगळे तुमच्याच मागे लागतात. पहिलं जहाज म्हणून क्रूझर कुणी घेत नाही.

तरी त्या रात्री मी 'टेक्सस'ची गुंडाळी करून ठेवली.

अरुंद जहाजाचा खरा शत्रू गोळी नाही, आत शिरलेलं पाणी आहे, हे मला तुमच्यामुळे आधीच ठाऊक होतं. मी सातवीत असताना तुम्ही परातीत पाणी घालून ती हलवून दाखवली होती. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून मी तळ दोन्ही कडांना उंच केला आहे आणि मधोमध बोटभर रुंदीची पन्हळ ठेवली आहे. पाणी कुठूनही आलं तरी त्या पन्हळीत उतरतं आणि पंपाकडे जातं. बॅटरी आणि नळकांडं पन्हळीच्या दोन्ही अंगांना, अगदी तळाला. न्हाणीघरातल्या टबमध्ये तोलून पाहिलं. रिकामी असताना ताठ उभी राहते. अर्धा लिटर पाणी ओतल्यावर उजवीकडे झुकते पण उलटत नाही. पाऊण लिटरला उलटते. ते पाऊण लिटर मला एकपर्यंत न्यायचं आहे.

आणि जाळी! "पंप कधी बिघडत नाही, जाळी तुंबते," हे तुम्ही घरातल्या प्रत्येक नळावर म्हणायचात. इथे बाल्साच्या ढलप्या आणि तळ्यातलं शेवाळ जाऊन पंप अडकतात आणि लोक मोटारी बदलत बसतात. मी तुमच्या पद्धतीने जाळी मोठी आणि उभी केली आहे, तळाला झोपवलेली नाही. बरोबर आहे ना? की तळाशी थोडी फट ठेवायची?

आता ज्यावरून तुम्ही गप्प झालात ते.

मला वाटतं तुमच्या मनात आलं असेल की 'दिल्ली' कधी बुडली नाही, आणि ही पोरगी तिला दर शनिवारी बुडवणार. तुमचं म्हणणं खरं आहे. १९३९ च्या डिसेंबरात, तिचं नाव अजून 'अकिलीस' असताना, ती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेसमोर उभी राहिली. सहा इंची तोफा घेऊन अकरा इंची तोफांसमोर. तिच्यावरचे चार जण गेले, पण ती राहिली. १९४३ च्या जानेवारीत सॉलोमन बेटांपाशी मागच्या बाजूच्या वरच्या टरेटवर (तोफांच्या फिरत्या बुरुजावर) बॉम्ब पडला, तेव्हाही राहिली. १९४८ साली आपल्याकडे आली, १९५० मध्ये नेहरूंना घेऊन इंडोनेशियाला गेली, १९६१ मध्ये दीवसमोर तोफा डागल्या. आणि ३० जून १९७८ ला निवृत्त झाली. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत, हे आई सांगते.

पण बाबा, तुम्ही तिच्यावर अकरा वर्षं जे काम केलंत ते ती बुडू नये म्हणूनच होतं ना? तोफखान्यातल्या लोकांची नावं पुस्तकांत सापडतात. बिल्जमध्ये, जहाजाच्या अगदी तळाशी, उतरून जाळ्या साफ करणाऱ्यांची सापडत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवायची 'दिल्ली' मी करू शकते, चांगली करू शकते. पण त्या 'दिल्ली'त पंप नसेल. तुमच्या वाटची 'दिल्ली' त्यात नसेल. तळ्यावर तिला भोकं पडली तरच ती उपसावी लागेल, वर काढून डागडुजी करावी लागेल. बुडेल, हो. पहिल्या वर्षी पुष्कळदा बुडेल. दर वेळी मी पाण्यात उतरून तिला वर आणीन.

एक निर्णय अजून अडला आहे, आणि तो मी एकटीने घेणार नाही. १९३९ च्या जहाजाला चार टरेट होत्या, दोन पुढे, दोन मागे. बॉम्ब पडलेली ती मागची वरची टरेट नंतरच्या दुरुस्तीत काढून टाकली. आपल्याकडे आली ती तीन टरेट घेऊन, आणि तुम्ही पाहिलीत ती तीनचीच. क्लबच्या नियमांत दोन्ही रूपं चालतात. चार टरेट लावल्या तर ती 'अकिलीस' आणि मागे इंग्रजी नाव. तीन ठेवल्या तर ती 'दिल्ली'. मला तीन हव्या आहेत. पण तुम्ही म्हणालात की तळ्यात 'दिल्ली' हे नाव बुडायला नको, तर चौथी बसवीन आणि त्यावरून पुन्हा एक शब्दही काढणार नाही. चारही तयार आहेत. चौथी औषधाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवली आहे.

तिसरं काही सुचत असेल तर तेही सांगा. आणि १९७० च्या आसपास तिचा रंग नक्की कसा होता? फोटो सगळे काळेपांढरे आहेत. आई म्हणते तुमच्या जुन्या कामाच्या पँटवर तो रंग अजून आहे आणि ती पँट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. असेल तर डाग असलेला कापडाचा चौकोनी तुकडा कापून पाकिटात घाला. इथल्या दुकानात यंत्रावर ठेवून रंग अगदी तंतोतंत जुळवून देतात.

आई, थालीपिठाची भाजणी पोचली. यंदा धने जास्त आहेत, मला तशीच आवडते.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. रविवारी साडेआठला फोन करते.

तुमची,
मनू