शफल बंद कर आधी

प्रिय पक्या,

"ग्रेटेस्ट हिट्स ऐकणारे आळशी असतात" असं मेसेजमध्ये ठोकून दिलंस, त्याचं उत्तर मोबाईलवर टाईप करायचं म्हणजे अंगठा मोडेल, म्हणून पत्र. बाकी बँड्सचं असेल तसं, पण क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा १९८१ चा ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा अल्बम, त्यात ओढू नकोस हां.

पहिलं म्हणजे शफल, ते गाणी कशीही उलटसुलट वाजवणं, बंद कर. ब्रिटिश आवृत्तीत सतरा गाणी आहेत आणि ती सालवार लावलेली नाहीत, तिथेच तर गंमत आहे. सुरुवातच बोहेमियन ऱ्हॅप्सडीने, जवळपास सहा मिनिटं, मधेच ऑपेरा, मग दणादण गिटार, मग सगळं शांत होत जातं आणि शेवटी हळूच गाँग वाजतो. आता यानंतर काय लावणार? तर जॉन डीकनची ती बास गिटार, अनदर वन बाइट्स द डस्ट! कान एकदम धुऊन निघतात. पुढे फॅट बॉटम्ड गर्ल्स आणि बायसिकल रेस पाठोपाठ, १९७८ ला सिंगल म्हणूनही दोन्ही एकत्रच आलेली, आणि दोन्ही गाण्यांत एकमेकांचा उल्लेख आहे, ऐक नीट.

सतरापैकी दहा गाणी एकट्या गायक फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेली (आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला पोरगा, तिथेच हेक्टिक्स नावाचा बँड काढलेला, हे तुला शंभरदा ऐकवलंय, अजून एकदा ऐक), पाच गिटारवाल्या ब्रायन मेची, दोन डीकनची. आणि रॉजर टेलरचं? एकही नाही!! ड्रम्स बडव, तो उंच आवाज लाव, आणि श्रेय शून्य. मला हे अजून पटत नाही.

त्यांचं अंडर प्रेशर हे गाणं यात शोधत बसू नकोस, ते त्याच सुमारास नवीन आलं होतं, अमेरिकेच्या आवृत्तीत घेतलं, इंग्लंडच्या नाही. तरी इंग्लंडमध्ये याच्याइतका दुसरा कुठलाच अल्बम खपलेला नाही, २०२२ मध्ये सत्तर लाखांच्या वर गेला. एवढे सगळे आळशी काय रे?

यातलं फ्लॅश हे गाणं मात्र खुशाल पुढे ढकल, मीही ढकलतो. मग दुसरा भाग घे, १९९१ चा, त्यात रॉजरचं रेडिओ गा गा आहे. दोन्ही ऐकून झाले की भांडायला ये, चहा तुझ्याकडून.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या