त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर बाबांसाठी धावलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार

तुमची नावं मला माहीत नाहीत, विचारायचं भानच नव्हतं. बाबा चालता चालता कोसळले आणि मी नुसती त्यांना हाका मारत बसले. ते मधेच घशातून आवाज काढत होते म्हणून मला वाटलं श्वास चालू आहे, पण पाठीवर सॅक असलेल्या ताई तुम्ही लगेच म्हणालात की हा श्वास नाही, हार्ट बंद पडल्यावरही असे आचके येतात, आणि सरळ छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू केलात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटीमीटर तरी खोल, एवढं दाबायला किती ताकद लागते ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि म्हणूनच ते काका दर दोन मिनिटांनी तुमच्याशी आलटून पालटून दाबत होते. मोठ्याने आकडे मोजणारा मुलगा, ॲम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवणारे दादा, धावत जाऊन एईडी, म्हणजे गरज पडल्यास हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, आणणारी मुलगी, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

डॉक्टर म्हणाले मेंदूला रक्त पोचत राहिलं म्हणून बाबा वाचले, नाहीतर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. दोन बरगड्या मोडल्यात, त्या जुळतील हो, त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. मी पुढच्या आठवड्यात सीपीआर शिकायला जातेय. बाबा आता घरी आहेत, आणि रोज विचारतात, ती पोरं भेटतील का गं परत?