पोचा कुठे, बिघाड कुठे!

संपादक साहेब, नमस्कार.

वॉरंटीच्या नावाखाली सर्व्हिस सेंटरवाले काय चालवतात त्याबद्दल लिहितोय. भाच्याचा लॅपटॉप वॉरंटीत होता, पडल्यामुळे झाकणाच्या कोपऱ्याला एक पोचा होता पण चालत अगदी व्यवस्थित होता, पुढे कधीतरी तो चार्जच होईना. सेंटरवर नेला तर काउंटरवरच्या मुलाने पोचा बघितला आणि उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "फिजिकल डॅमेज है, वॉरंटी खतम." अरे पण पोचा वर झाकणाला, चार्जिंगचं सॉकेट खाली, संबंध काय ते तरी सांगा, तर म्हणे सिस्टममध्ये तसा ऑप्शनच नाहीये. झालं!

आता पडून स्क्रीन फुटली तर कंपनीने फुकट बदलून द्यावी असं कोणी म्हणत नाहीये, वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते हे मान्य. पाण्याचंही समजू शकतो, पाणी आत गेलं की बोर्डावर गंज हळूहळू पसरतो, आज स्पीकर गेला उद्या चार्जिंग, मग काय कशाने गेलं ते सांगणं अवघडच. (रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणाऱ्यांनो, फोनच्या आयपी ६८ वर, म्हणजे पाण्यापासून बचावाच्या रेटिंगवर, जाऊ नका, त्याची टेस्ट लॅबमध्ये साध्या स्वच्छ पाण्यात होते, टँकरच्या रंगीत फवाऱ्यात नाही. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत बारीकशी पांढरी पट्टी असते, ती ओली झाली की लाल होते आणि मग जाहिरातीत फोन स्विमिंग पूलमध्ये दाखवणारी कंपनीच हात वर करते.)

पण झाकणाचा पोचा असा पसरत नाही ना हो. आदळल्याने आतला एखादा सोल्डरचा टाका सुटूही शकतो, नाही असं नाही, मग उघडून बघा आणि तसं लिहून द्या की!

लोक बिचारे तोंडी "नाही" ऐकूनच परत येतात. डिव्हाइस देतानाच जॉबशीटवर, म्हणजे सेंटर देतं त्या पावतीवर, पोचा कुठे आहे ते लिहून घ्या, फोटो काढा, नकार दिला तर कारण लेखी मागा. मग ग्राहकांसाठी १९१५ नंबरची हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी लागत नाही, तक्रार २ वर्षांच्या आत करायची. तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू लॅबकडेही पाठवू शकतो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तशी सोय आहे.

आणि इथल्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदी करताना "एक्स्टेंडेड ले लो, सब कवर है" म्हणतात त्यावर जाऊ नका. एक्स्टेंडेड वॉरंटीने नुसती मुदत वाढते, पडण्या-फुटण्याचा प्लॅन वेगळा घ्यावा लागतो, त्यातही बऱ्याचदा दर क्लेमला थोडे पैसे भरावेच लागतात.

भाच्याने लेखी कारण मागितलंय. सेंटर म्हणतं हेड ऑफिसला विचारून सांगतो.

एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर