‘स्टेशन’ हाकलू नका, त्याला संस्कृतचं लेकरूही ठरवू नका

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या काही दिवसांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात ‘स्टेशन’ या शब्दावरून चांगलीच जुंपली आहे. एका पत्रलेखकांना तो पाट्यांवरून, लोकलमधल्या उद्घोषणांतून आणि जमलं तर आपल्या तोंडातूनही हद्दपार करायचा आहे. दुसऱ्यांनी नेमकं उलटं टोक गाठलं. त्यांच्या मते इंग्रजांनी आपला ‘स्थान’ उचलून नेला आणि ‘स्टेशन’ म्हणून परत आपल्याच गळ्यात मारला. दोघेही ठाणेकर आहेत, याची मला गंमत वाटली. शहराच्या नावाकडे एकदा नीट पाहिलं असतं तर दोन्ही पत्रं लिहायची वेळ आली नसती.

शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत आपल्या गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ असं येतं. संस्कृतातल्या ‘स्थान’चं प्राकृतात ‘ठाण’ झालं, त्यातून मराठीत ‘ठाणं’ आलं. धातू ‘स्था’, म्हणजे उभं राहणं, थांबणं. ‘उठणं’ आणि ‘ठेवणं’ ही आपली रोजची क्रियापदंही याच घरातली. आता इंग्रजी शब्द पाहा. तो फ्रेंचमार्गे लॅटिन ‘स्तातिओ’वरून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘स्तारे’ या क्रियापदाचा अर्थही उभं राहणं. फारसीत स्टेशनला ‘ईस्तगाह’ म्हणतात, तिथंही तेच मूळ. ‘हिंदुस्तान’मधलं शेपूटही त्याच कुळातलं.

मग कोणी कोणाचं उचललं? कोणीच नाही. १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा बहुधा आज उरलेली नाही. पुढच्या अभ्यासकांनी शेकडो शब्द नि व्याकरणाची रूपं ताडून हे पक्कं केलं. म्हणजे ‘स्थान’ आणि ‘स्टेशन’ ही चुलत भावंडं. व्हॉट्सअॅपवर मात्र कोणाला चुलत भावंडं नको असतात, प्रत्येकाला बापच व्हायचं असतं.

हा शब्द इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकात. तेव्हा रेल्वेचा मागमूस नव्हता. नेमून दिलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. पहारेकऱ्याची जागा, आरमाराचा तळ, माणसाची समाजातली पायरी, सगळ्याला हाच शब्द. कॅथलिक शेजाऱ्यांना विचारा, उपासकाळात ते क्रुसाच्या वाटेवरच्या १४ ‘स्टेशनां’पाशी थांबून प्रार्थना करतात. पुढे घोडागाड्यांच्या मुक्कामांना हे नाव मिळालं आणि आगगाडी आल्यावर तिनं ते उचललं.

मला सगळ्यात आवडते ती स्टेशनरीची गोष्ट. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांच्या आसपास काही पुस्तकविक्रेते एका जागी दुकान मांडून बसत. फेरीवाल्यांपासून त्यांना वेगळं ओळखता यावं म्हणून ते ‘स्टेशनर’, ठाण मांडून बसलेले. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ सालचा, त्याला राजसनद मिळाली १५५७ साली. त्यांच्याकडचा कागद, शाई, लेखण्या म्हणजे स्टेशनरी. तेव्हा राममारुती रोडवरच्या दुकानातली वही आणि ठाणे स्टेशन यांचं नातं खरंखुरं आहे, नुसतं कानाला लागणारं नाही. (इंग्रजीच्या पेपरात मुलं या शब्दात ‘ई’च्या जागी ‘ए’ लिहितात आणि वह्या-पेन्सिलींचा अर्थ ‘एका जागी थांबलेला’ असा होऊन बसतो. गुण कापले जातात, पण व्युत्पत्तीच्या दृष्टीनं पोरं फार चुकलेली नसतात.)

हिंदुस्थानात आल्यावर या शब्दाला आणखी फांद्या फुटल्या. जिल्ह्यात गोरे अधिकारी जिथं राहत ते त्यांचं ‘स्टेशन’. त्यातून ‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत’ हे वाक्य जन्माला आलं. साहेब गेले, त्यांचं स्टेशनही गेलं, वाक्य मात्र आपल्या कचेऱ्यांतून अजून ऐकू येतं. बँका परगावच्या चेकला ‘आउटस्टेशन’ म्हणत आल्या, तेही त्याच चालीवर. उन्हाळ्यात साहेब डोंगरावर पळू लागले तेव्हा ‘हिल स्टेशन’ झालं. त्यात ठाण्याचा हात आहे बरं का! माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणलं ते १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी.

तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन २१ मैलांवरच्या ठाण्याला पोहोचली. ज्याच्या नावाचा अर्थच मुळी थांबण्याची जागा, अशा गावाला रेल्वेचा शेवटचा थांबा मिळाला. आजही लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन, ठाणे’ असं ऐकू येतं तेव्हा एकाच धातूची दोन रूपं लागोपाठ कानावर पडतात.

शब्द हाकलू पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेड्यापाड्यांत जुनी माणसं ‘ठेसन’ म्हणतात. त्याला आपण अडाणी उच्चार समजतो. पण प्राकृत बोलणाऱ्यांनी ‘स्थ’चा ‘ठ’ केला होता, आणि पुढे कित्येक शतकांनी आमच्या आजी-आजोबांनी ‘स्ट’चा ‘ठ’ केला. जीभ तीच, खोड तीच. ‘ठेसन’ म्हणणाऱ्यानं न शिकता ‘ठाण्या’चीच वाट धरली. याहून अस्सल मराठीकरण समित्या बसवून होणार आहे का?

आणि अर्थ तरी कुठं इंग्रजीतला उरला आहे? नौपाड्यातली बाई ‘स्टेशनला जाऊन येते’ म्हणाली तर तिला गाडी पकडायची नसते, जांभळी नाक्यावरून भाजी आणायची असते. वाशीत सिडकोनं स्टेशनच्या इमारतीतच ऑफिसं थाटली. त्यामुळे तिथं ‘वाशी स्टेशनला कामाला आहे’ म्हणणारा मुलगा रेल्वेत असेलच असं नाही, संगणकासमोरही बसलेला असेल. शेअर रिक्षावाला ‘स्टेशन, स्टेशन’ ओरडतो, तेव्हा त्याच्या त्या एका शब्दात पूल, बाजार, एसटी डेपो सगळं आलं. तिथं ‘रेल्वे स्थानक’ बसवून पाहा. रिक्षा भरायची नाही.

याचा अर्थ ‘स्थानक’ टाकाऊ आहे असा नाही. सरकारी कागदात, पाटीवर तो शोभतो. ‘पोलीस ठाणे’ तर मला ‘पोलीस स्टेशन’पेक्षा कितीतरी बरं वाटतं. छोटं आहे, जुनं आहे, आणि ‘ठाण्याच्या ठाण्यात’ असा मथळा देण्याची चैन महाराष्ट्रात फक्त आपल्यालाच परवडते.

तक्रार आहे ती आपल्या संपादकीय टेबलाबद्दल. लोकलच्या गर्दीवरच्या आपल्या बातमीत एक भाजीवाली अवतरणचिन्हांत म्हणते, “मी रोज रेल्वे स्थानकाबाहेर बसते.” ती असं म्हणाली असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बातमी तुमची, तिथं काय हवं ते लिहा. अवतरणचिन्हांतला शब्द तिचा आहे, तो बदलू नका. हे पत्र छापलंत तर त्यातल्या ‘स्टेशन’लाही हात लावू नये, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)