किनारी सहल: गाड्या तपासून घ्या

सर्व सभासदांस,

आपल्या जुन्या गाड्यांच्या अलिबाग ते वेंगुर्ला सहलीत महामार्ग टाळायचा आहे. त्यामुळे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड ही चारही अंतरे फेरीबोटीने पार करावी लागतील. ओहोटीला धक्क्यावरचा उतार तीव्र होतो आणि जुन्या एमजी, ट्रायम्फसारख्या बुटक्या स्पोर्ट्स गाड्यांचा सायलेन्सर घासतो. म्हणून रोजच्या निघण्याच्या वेळा भरती पाहूनच ठरतील. उशिरा उठणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी!

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप त्याने खराब होतात, ते आधीच बदला. फॅनबेल्ट आणि इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर सोबत घ्या; आडगावी ते मिळतील या भरवशावर राहू नका. मुक्कामी गाडी गोड्या पाण्याने धुवावी, खालूनसुद्धा.

येणाऱ्यांनी गाडीचे मॉडेल आणि वर्ष गटात कळवावे.