मराठी माध्यमातील दहावीचे ते वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाकाळाने किशोरवयीन मुलांचे काय झाले, याची चर्चा निघाली की मोबाइलचा नाद, एकलकोंडेपणा आणि लिहिण्याची मोडलेली सवय हे मुद्दे हमखास येतात. ते खोटे नाहीत. परंतु कर्नाटकातील बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या मुलांवर त्या काळात जी वेळ आली, तिचा उल्लेख मला कुठेच आढळला नाही, म्हणून हे पत्र. 2020-21 मध्ये मी दहावीत होते.

आमचे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, शिनोळीच्या अलीकडे आहे. शिवार संपले की महाराष्ट्रातील चंदगड तालुका लागतो आणि माझे आजोळही तिकडेच. एरवी ही सीमा आम्हाला फारशी जाणवत नसे. मार्च 2020 नंतर मात्र वाटांवर मातीचे ढिगारे पडले, पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआर अहवाल मागितला जाऊ लागला आणि हाकेच्या अंतरावरचे आजोळ परमुलुखात गेल्यासारखे झाले.

शाळा बंद असताना दूरदर्शनच्या चंदना या कन्नड वाहिनीवर धडे दाखवले जात. अभ्यासक्रम आमचाच होता, पण शिकवणे मुख्यतः कन्नडमधून. आम्ही कन्नड हा विषय शिकत होतो, बाजारात बोलतही होतो. तरीही प्रकाशाचे अपवर्तन किंवा द्विघाती समीकरणे त्या भाषेतून समजून घेणे ही वेगळीच गोष्ट आहे. मराठीतून शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर पुष्कळ सापडत, पण ते महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेले. धड्यांचा क्रम वेगळा, इतिहास-भूगोल तर पूर्णच निराळा. ‘विद्यागम’ योजनेत गावोगावी देवळांत आणि झाडांखाली वर्ग भरू लागले होते, पण संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये तेही थांबले. राहता राहिला व्हॉट्सअॅप. आमच्या घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा; उद्यमबागेतील फौंड्री सुरू झाल्यावर तो सकाळी त्यांच्या खिशातून जाई आणि रात्री परत येई. गुरुजींनी दुपारी टाकलेल्या वहीच्या पानाचा फोटो मी रात्री जेवणे आटोपल्यावर मोठा करून उतरवून घेत असे. त्यातली कडेची अक्षरे हमखास कापलेली असत आणि शंका विचारायची तर तोवर गुरुजी झोपलेले असत.

दिवसा काय करायचे, हा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात भाताची रोप लावणी आणि रताळ्याचे वेल लावणे, पुढे काढणी. शाळा नाही म्हटल्यावर घरची माणसे मला पूर्णवेळ कामाचे माणूस धरू लागली. यात त्यांचा दोष नाही, कारण मजूर मिळत नव्हते. वर्गातील काही मुले याच काळात गवंड्यांच्या हाताखाली लागली. 1 जानेवारी 2021 पासून दहावीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा ती यायला लागली खरी, पण हातात पैसे खेळलेला मुलगा बाकावर पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, हे आमच्या शिक्षकांनाही दिसत होते.

परीक्षेची कथा तर आणखी विचित्र आहे. महाराष्ट्राने त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द केली आणि 16 जुलैला निकाल जाहीर केला. त्या दिवशी माझी मामेबहीण उत्तीर्ण झाली आणि मी 19 जुलैच्या पेपरची तयारी करत बसले होते. कर्नाटकाने सहा विषय दोन दिवसांत आटोपले: 19 जुलैला गणित, विज्ञान व समाजशास्त्र आणि 22 जुलैला तिन्ही भाषा, दर दिवशी तीन तासांत 120 बहुपर्यायी प्रश्न आणि उत्तरे ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करून द्यायची. परीक्षा घेतली हे योग्यच झाले, असे माझे मत आहे, जरी तेव्हा बहिणीचा हेवा वाटला होता. पण आईवर निबंध लिहिण्याची तयारी केलेल्या मुलांनी मराठीच्या पेपरात नुसते गोल रंगवले. जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाल्याने कोणाचे काय कच्चे राहिले, हे निकालावरून कळण्याची सोय उरली नाही. ते पदवीपूर्व महाविद्यालयात, म्हणजे अकरावीत, कळले. विज्ञान शाखेत शिकवणे एकदम इंग्रजीतून सुरू झाले, आणि दहावीचा जो पाया मराठीतून पक्का व्हायचा होता तो तसाच राहिल्याने माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी वर्षभरातच शाखा बदलली.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याविषयी या पत्रात मला काही म्हणायचे नाही. माझी मागणी फार छोटी आहे. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची मराठी पाठ्यपुस्तके सरकार स्वतःच काढते. मग त्याच पुस्तकांवर आठवी ते दहावीचे धडे मराठीतून ध्वनिचित्रमुद्रित करून शिक्षण खात्याने यूट्यूबवर कायमचे उपलब्ध करून द्यावेत. त्यासाठी बाहेरून कोणाला आणावे लागणार नाही. जिल्ह्यातील मराठी हायस्कुलांत हे विषय वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक आहेत. महाराष्ट्र सरकारला सीमाभागासाठी खरोखर काही करायचे असेल, तर या कामाला निधी देता येईल. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात रेंजची अडचण आजही आहे, तेव्हा हेच धडे पेन ड्राइव्हवर प्रत्येक शाळेला द्यावेत. याची गरज पडण्यासाठी पुन्हा महामारीच यावी लागते असे नाही: मुसळधार पावसामुळे बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्ट्या जाहीर होतात, आणि त्या दिवसांत दहावीच्या मुलांपुढे आजही फक्त व्हॉट्सअॅपवरचे फोटोच असतात.

आपली विश्वासू,
एक पदवी विद्यार्थिनी, बेळगाव तालुका