तास एकच, वर्ग दोन

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी साताऱ्यात राहते. जिल्ह्यातल्या एका कॅथलिक शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या शाळेची नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती तर माझीच आहे.

आमच्याकडे बुधवारी चौथ्या तासाची घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. पन्नासातली सहा-सात कॅथलिक मुलं वह्या उचलून सिस्टरांकडे 'कॅटेकिझम'ला जायची, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला. उरलेल्यांना 'मॉरल सायन्स'. हा उरलेल्यांचा तास बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडायचा, कारण मराठीच्या बाईंना कुठलाही तास द्यावा अशी सगळ्याच शाळांची समजूत आहे. पुस्तकात प्रामाणिक लाकूडतोड्या, कष्टाळू मुंगी, आणि धड्याखाली गाळलेल्या जागा. 'आपण नेहमी ____ बोलावे.' मुलं तिथे 'खरे' लिहायची, शेजारच्याच्या वहीत बघून.

ख्रिस्ती शाळांवरून वाद पेटला की सगळ्यांचे डोळे त्या सहा-सात मुलांच्या खोलीकडे वळतात. आत काय शिकवतात, कुणाला बाटवतात का, कुठली प्रार्थना म्हणवून घेतात? मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरतो, शाळेच्या फाटकावर निवेदन येतं, शिक्षणाधिकाऱ्यांकडून खुलासा मागवला जातो. उरलेल्या त्रेचाळीस मुलांना त्या तासाला काय मिळालं, हे मला बावीस वर्षांत एकाही अधिकाऱ्याने विचारलं नाही. पालकांनीही नाही. विचारलं असतं तर 'काही नाही' असंच सांगावं लागलं असतं.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातला पहिला आठवडा, माउलींची पालखी लोणंदवरून फलटणकडे गेलेली. सहावीतली एक मुलगी दोन दिवस आईबरोबर वारीत चालून शाळेत आली ती गळ्यात तुळशीची माळ घालून. शाळेचा नियम होता : गळ्यात काही नको. मी माळ काढायला लावली आणि टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, एसटीत ड्रायव्हर, ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच. त्यांची समजूत अशी की हे सिस्टरांचं काम. मी म्हटलं, माळ मी काढायला लावली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुमच्या घरात कुणी माळकरी नाही का हो?"

माझे आजोबा माळकरी होते. मी मान खाली घातली.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर मंगळूरकडच्या. मराठी मोडकं, पण कान तिखट. त्यांनी आतून ऐकलं, बाहेर आल्या, खणातली माळ मागून घेतली आणि स्वतःच्या हातांनी मुलीच्या गळ्यात घातली. नियमाचा कागद त्याच दिवशी बदलला. पण मला आठवते ती पुढची गोष्ट. त्या ड्रायव्हरदादांना म्हणाल्या, बुधवारी चौथ्या तासाला याल का? ही माळ काय असते ते मुलांना सांगाल? आणि त्या बुधवारी त्यांनी कॅटेकिझमचा तास घेतला नाही. सगळा वर्ग एकत्र बसवला.

दादा फळ्यापुढे उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. माळ घातली की मटण-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी करायची, खोटं बोलायचं नाही, असं भराभर सांगून मोकळे झाले. मागून एक पोरगा बोललाच, "एकादशी, दुप्पट खाशी!" वर्ग हसला, दादाही हसले, आणि मग तास सुरू झाला. एका कॅथलिक मुलाने विचारलं, "काका, मटण किती दिवस सोडायचं?" ते म्हणाले, "कायमचं." मुलगा विचारात पडला. "आमच्याकडे चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पहिल्या दिवशी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात." "बुक्का लावतात तसा?" असं माळेवाली मुलगी म्हणाली. बागवानांचा मुलगा रोजाचं सांगायला उभा राहिला, थुंकीसुद्धा गिळायची का नाही यावर त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं वर्गातच जुंपलं. जैनांच्या मुलीने सूर्यास्तानंतर न जेवण्याचं सांगितलं, तर कुणी तरी काळजीने विचारलं, "मग लग्नाला गेल्यावर गं?" आम्ही गणिताच्या तासाची दहा मिनिटं खाल्ली. गणिताच्या सरांनी नंतर मला ऐकवलंही.

महोदय, माझ्या बावीस वर्षांतला धर्म शिकवणारा तास तो एकच. त्याला पुस्तक नव्हतं, आणि तो एका बाईच्या चुकीतून झाला. असा तास चुकून व्हावा लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

कायद्याचं म्हणाल तर घटनेने हे कोडं बऱ्यापैकी सोडवून ठेवलं आहे. अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. अनुच्छेद 28(1) सांगतो, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश नको. आणि 28(3) सांगतो, की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही धर्मोपदेशाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येणार नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती हवी. म्हणजे नकार पालकाने कळवायचा नाही, होकार शाळेने मागायचा. मी इतके प्रवेशअर्ज हाताळले. त्यांत रक्तगट होता, जात-पोटजात होती, बसचा थांबा होता. ही संमती कधी दिसली नाही. पालकही विचारत नाहीत. साताऱ्यात कॉन्व्हेंटमध्ये मूल घालतात ते इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी. बाकीच्या कागदांवर दाखवाल तिथे सही.

धर्मोपदेश वेगळा आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात 2002 मध्ये मान्य केलेला आहे. सगळ्या धर्मांची ओळख अभ्यास म्हणून करून द्यायला घटनेची आडकाठी नाही. मग वीसहून जास्त वर्षं उलटून गेली तरी आपण तो अभ्यास का सुरू केला नाही? राज्याच्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांत 'सर्वधर्मसहिष्णुता' आहे. परिपाठाला साने गुरुजींची प्रार्थना असते, 2020 पासून घटनेच्या उद्देशिकेचं वाचनही आहे. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी सणाला काय करतात हेच ठाऊक नसेल, तर सहिष्णुता म्हणजे नुसतं गप्प बसणं होतं. आमची मुलं तशी गप्प बसायला शिकतात. दहावीच्या उत्तरपत्रिकेत सहिष्णुतेवर पाच गुणांचं उत्तर सुरेख लिहितात.

गंमत अशी, की खुद्द कॅथलिक चर्च या बाबतीत आपल्या पुढे आहे. निदान कागदावर. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी दोन घोषणापत्रं काढली : एक ख्रिस्ती शिक्षणावर, दुसरं इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर. त्या दुसऱ्यात म्हटलं आहे, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. 1988 साली रोमच्या शिक्षण विभागाने स्पष्ट केलं, की श्रद्धा रुजवणारं धर्मशिक्षण आणि शाळेतला धर्माचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या; पहिलीची खरी जागा कुटुंब आणि धर्मग्राम, म्हणजे स्थानिक चर्चचा समाज. 2013 मध्ये आंतरसांस्कृतिक संवादासाठी कॅथलिक शाळांनी कसं शिकवावं यावर स्वतंत्र दस्तऐवज आला. आणि एप्रिल 2024 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या सभेत घटनेची उद्देशिका म्हणा, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा.

यातलं शाळांपर्यंत किती झिरपतं? थोडं. चांगल्या सिस्टर असल्या तर बरंच, नसल्या तर कपाटात. सभेत सगळ्या मुलांना हात जोडून 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यात दुष्टावा नसतो, सवय असते. पण सवयीलाही संमती लागते, हे त्या शाळांना सांगायला हवं, आणि मोर्चा येण्याआधी सांगायला हवं.

मात्र फूटपट्टी एकच असू द्या. 2024 च्या मे महिन्यात राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा मनाचे श्लोक आणि गीतेच्या अध्यायांच्या पाठांतरावरून केवढा गदारोळ झाला. सज्जनगड आमच्या गावापासून पंधराएक किलोमीटर. मनाचे श्लोक मला आजही पाठ आहेत, आजीने अंगणात म्हणून घेतलेले. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत ते म्हणवून घ्यायचे तर भाषा म्हणून की भक्ती म्हणून, हा प्रश्न तिथेही विचारायला हवा. सिस्टरांच्या जपमाळेला जो नियम तोच आमच्या श्लोकांना. हे वाचून माझ्या काही मैत्रिणी रागावतील, त्यांना माझ्या घरी चहाला यायला सांगते.

कॅनडातल्या क्युबेक प्रांताने 2008 मध्ये सगळ्या शाळांना नीती आणि धर्मसंस्कृती असा विषय सक्तीचा केला. मॉन्ट्रियलची लोयोला नावाची, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची शाळा न्यायालयात गेली. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कॅथलिक शाळेला स्वतःचा धर्म तटस्थपणे, परक्यासारखा शिकवायला लावू नका. मात्र दुसऱ्यांचे धर्म तिने तटस्थपणे आणि आदराने शिकवले पाहिजेत. मला हा निवाडा फार शहाणा वाटतो. आमच्या सिस्टरांना मी येशूबद्दल 'असे काही लोक मानतात' असं बोलायला लावणार नाही. पण वारीबद्दल, रमजानबद्दल, बुद्धाबद्दल बोलताना त्या नीट माहिती घेऊनच बोलल्या पाहिजेत. आणि आम्ही त्यांच्याबद्दल बोलताना आम्हीही.

आपल्या मातीत हे नवं नाही. कर्मवीर भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली; 1927 मध्ये गांधीजी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. त्या मुलांना सहिष्णुतेचा धडा नव्हता, एकाच चुलीवरच्या भाकरी होत्या. खटावमधलं कटगुण हे ज्यांच्या पूर्वजांचं गाव, ते जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि पुढे लिहून गेले, की एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असला तरी सगळ्यांनी प्रेमाने नांदावं. आणि पाचगणी बघा. 1895 पासूनचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, पारशांची शाळा, अंजुमन-ए-इस्लामची शाळा, 1945 पासूनची बहाई लोकांची न्यू एरा, सगळं टेबललँडच्या पायथ्याशी. एकमेकांशी क्रिकेट खेळतात. एकमेकांचं काही शिकत असतील तर ते मॅच संपल्यावर.

तर माझी मागणी लहान आहे. कॅटेकिझमचा तास बंद करायची नोटीस काढू नका. तो त्या मुलांचा हक्क आहे. मॉरल सायन्सचा जो पोकळ तास आहे, तो भरा. आठवड्यातून एकदा सगळी मुलं एका वर्गात, विषय आपल्या गावातले धर्म. पुस्तक जाडजूड नको. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका करावी : कुणाला वर्गात बोलवावं, काय विचारावं, काय विचारू नये, भांडण झालं तर काय करावं. माझ्या बी.एड.मध्ये फळ्यावर अक्षर कसं काढावं यावर गुण होते, यावर एक ओळ नव्हती. अल्पसंख्याक शाळांना सक्ती न करता आधी विचारा. बिशपांची 2024 ची सूचना पाहता त्या नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. सुरुवात साताऱ्यातल्या वीस-पंचवीस शाळांपासून करा, सगळ्या व्यवस्थापनांच्या, रयतच्या आणि जिल्हा परिषदेच्याही. पहिलं वर्ष मी विनामानधन फिरेन, गुडघे चालतील तेवढं.

आणि पुढच्या जूनच्या प्रवेशअर्जात, बसच्या थांब्याच्या खाली, खालची ओळ मराठीत आणि ठळक अक्षरांत येऊ द्या. ती राज्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त खासगी शाळेला लागू असावी :

'शाळेत होणाऱ्या ______ धर्माच्या प्रार्थनेस / धर्मशिक्षणाच्या तासास माझ्या पाल्याने बसावे / बसू नये. (नको ते खोडावे.) हा निर्णय वर्षात केव्हाही बदलता येईल.'

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा

ता. क. – पत्राची एक प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा यांना आवक बारनिशीत दिली आहे. कारकुनाने विचारलं, "बाई, हे तक्रार अर्जात घालू की सूचनांत?" मी म्हटलं, जिथं लवकर वाचलं जातं तिथं घाला.